एक ताणा तुटलेला

नाव लक्ष्मीपती, आणि बजेट बावीस हजार.
नवी पेठेतला जुबेर बागवान हसला नाही,
हे त्याचं मोठेपण.
म्हणाला, "एवढ्यात नवीन घ्यायला गेलास
तर लाल-निळे दिवे मिळतील. गेम नाही चालणार बे.
ऑफिसचा डबा घे.
आयुष्यभर नुसत्या पासबुकच्या नोंदी केलेला,
हाडं शाबूत असतात त्याची."

आठ हजार, डबा.
अकराशे, रॅमची पट्टी, त्यानं शर्टाला पुसून दिली.
सात हजार, ग्राफिक कार्ड,
कुठल्यातरी शेडमध्ये रात्रंदिवस
न दिसणारी नाणी खणत राबलेलं.
(कार्डाची किंमत मी एकदा
अम्माच्या विड्यांत मोजली.
परत मोजली नाही.)
"आणि सप्लाय मात्र कोरा घ्यायचा," जुबेरनं बोट रोखलं,
"तिथं काटकसर केलास तर घर पेटवशील."
दोन हजार आठशे.

घरी येऊन कळलं, ऑफिसच्या डब्याला
बाजारातला सप्लाय बसतच नाही.
वेगळी पिन लागते, साडेतीनशेची.
ती कुरियरनं येईपर्यंत सहा दिवस
मी सगळा संसार पलंगावर मांडून
खाली फरशीवर झोपलो.
टॉवेल कारखान्यातल्या अकरा महिन्यांच्या रात्रपाळ्या
पलंगावर, मी खाली.

स्क्रीन मावसभावानं फुकट दिली.
डावीकडे वरपासून खालपर्यंत
एक हिरवी रेघ, जाता न जाणारी.
मी शरमून सांगितलं तर नायना जवळ आले,
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"ताणा तुटलाय एक.
एवढ्यानं चादर टाकत नाहीत."

सुरू केल्यावर पंखा किरकिरला.
मी मोबाईलवर कारणं शोधत होतो तोवर
तीस वर्षं मागावर जॉबर असलेल्या माणसानं
डोळे मिटून कान लावला.
"बेअरिंग सुकलंय. डावीकडचं."
काडीच्या टोकावर तेलाचा एक थेंब.
गप्प झाला.

कार्ड डब्यापेक्षा बोटभर उंच,
झाकण लागेना.
नायनांनी माळ्यावरून जकार्डचे जुने पुठ्ठे काढले,
मोराच्या नक्षीचे, भोकाभोकांचे,
दोऱ्यानं ओवून बाजूला टांगले.
"वारा खेळेल. उंदीर जाणार नाही."
रात्री आतला दिवा त्या भोकांतून भिंतीवर पडला.
मला वाटलं होतं मोर दिसेल.
नाही दिसला. नुसते ठिपके.

मे महिना. बाहेर चव्वेचाळीस, प्रोसेसर एक्क्याऐंशी.
दुपारी दोघांनाही हात लावायची सोय नाही.
म्हणून पहाटे चारला उठतो,
फरशी जराशी निवते तेव्हा.
पूर्वी या वेळेला नायना पहिल्या पाळीला निघायचे.
अजून त्यांना याच वेळेला जाग येते,
कारखाना बंद झाला हे
त्यांच्या डोळ्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मागे येऊन उभे राहतात, चहा घेऊन.
"किती पडतंय?"
"साठ."
"मिनिटाला?"
"सेकंदाला."
"माझा माग मिनिटाला एकशे दहा धागे टाकायचा," म्हणाले,
आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
"मग यातला धागा दिसत कसा नाही?"

उत्तर नव्हतं. खुर्ची दिली.
ट्रकचा गेम लावला, किल्ल्या दाखवल्या.
नायना तीसच्या वर जाईनात.
रिकाम्या चौकात सिग्नलला थांबले,
वळताना दिवा लावला,
पूल आला तेव्हा ट्रक कडेला घेऊन
खालचं पाणी बघत बसले,
त्या पाण्यातूनही जाणारी हिरवी रेघ.

मागं गाड्यांची ही रांग. हॉर्नवर हॉर्न.
"नायना, चला की, वाजवलालेत."

"वाजवू दे," म्हणाले.